लाल सांभाळावा लागतो

हौसेने चिनी मातीची भांडी रंगवणाऱ्यांसाठी आता मोठ्या शहरांत स्टुडिओ निघाले आहेत. तिथे एकदा भाजून निघालेली, खडूसारखी पांढरी आणि कोरडी बशी किंवा वाडगा हातात मिळतो, कुंचला मिळतो आणि समोर रंगांच्या बाटल्या मांडलेल्या असतात. निळा, हिरवा, पिवळा, काळा आणि त्याच ओळीत, तसल्याच बाटलीत, लाल. झाकण उघडून कुंचला बुडवला की झालं. यात वेगळं काही असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पुढे भांडं भट्टीतून निघून हातात येतं तेव्हा निळी फुलं काढली तशीच उतरलेली असतात, पानांचा हिरवा जागेवर असतो आणि लाल मात्र दगा देतो. कुठे तो विटकरी झालेला असतो, कुठे कुंचल्याच्या रेघा उघड्या पडलेल्या, कुठे करडी झाक आलेली, तर वाडग्याच्या काठावरून चक्क उडालेला. मग दोष रंगवणाऱ्याच्या हाताला, भट्टीवाल्याला, नाहीतर बाटली बनवणाऱ्या कंपनीला दिला जातो. तिघांचीही चूक असू शकते. पण मूळ कारण लालाच्या स्वभावात आहे. बाकीचे बहुतेक रंग विस्तवातून तावून सुलाखून निघतात. लालाला विस्तवापासून सांभाळत पलीकडे न्यावं लागतं. कुंभारकामाच्या इतिहासात झिलईखालच्या लालासाठी जे जे शोधलं गेलं, त्या सगळ्या या सांभाळण्याच्याच युक्त्या आहेत आणि आज बाटलीतून मिळणारा भडक लाल ही त्यांतली सर्वांत हुशार युक्ती. ती कशी चालते हे कळलं की कार्यशाळेत सांगितले जाणारे सुटे सुटे नियम आपसूक एका धाग्यात येतात.

अंडरग्लेझ म्हणजे झिलईच्या खाली राहणारा रंग. त्यात साधारण तीन गोष्टी असतात: बारीक पांढरी माती, रंग देणारी भाजून दळलेली पूड आणि हे सगळं भांड्याला धरून राहावं म्हणून थोडी काचेची भुकटी. कच्च्या भाजणीतून निघालेल्या भांड्यावर, ज्याला बिस्क म्हणतात, हा रंग लावायचा, त्यावर पारदर्शक ग्लेझचा थर द्यायचा आणि भांडं पुन्हा भट्टीत घालायचं. हौशी कामात ही दुसरी भाजणी बहुधा १००० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. दगडासारखं टणक स्टोनवेअर करायचं तर १२२० ते १३०० अंशांपर्यंत जावं लागतं. त्या उष्णतेत ग्लेझ वितळून काच होते आणि थंड झाल्यावर रंग काचेखाली बंदिस्त होतो. भाजण्याआधी हा रंग फिका, पिठूळ दिसतो, कारण त्याच्या खरखरीत पृष्ठभागावरून पांढरा प्रकाश चहूकडे विखुरला जातो. काचेने ती खरखर भरून काढली की रंग खोल होतो. कोकणातला जांभा दगड उन्हाळ्यात धुरकट दिसतो आणि पहिल्या पावसात भिजल्याबरोबर रक्तासारखा उजळतो, तो याच कारणाने. इथवर सगळं लालाच्या सोयीचं आहे. गैरसोय अशी की वितळलेली काच हा नुसता पांघरायचा पदार्थ नाही. ती विरघळवणारा द्रव आहे आणि खाली जे असेल ते खायला निघते.

निळ्याला त्याचं काहीच वाटत नाही. निळा देणारा कोबाल्ट काचेत पूर्ण विरघळला तरी निळाच राहतो, उलट जास्त खुलतो. भट्टीत हवा जास्त असो की धूर, उष्णता थोडी कमी असो की जास्त, कोबाल्टचं फारसं बिघडत नाही. जगभर चिनी मातीवर निळं-पांढरं काम का पसरलं याचं कलात्मक स्पष्टीकरण पुष्कळ दिलं जातं; पण कोबाल्ट इतका सोशिक नसता तर ती अभिरुची घडायला वाव मिळाला असता का, याबद्दल मला शंका आहे.

आता लाल. माती आणि लाल यांचं नातं तर जुनं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं जोर्वे आणि पुणे जिल्ह्यातलं इनामगाव इथल्या उत्खननांत तीन हजार वर्षांपूर्वीची जी खापरं मिळाली, त्यांचा पृष्ठभाग लाल आहे आणि त्यावर काळ्या रेघांची नक्षी आहे. आपल्या कुंभाराच्या आव्यातून आजही लाल मडकं निघतं, तुळशीवृंदावनाला गेरू लागतो. हा सगळा लाल लोखंडाचा. लोहाच्या लाल ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मातीत अख्खे असतात तोवर ती लाल दिसते. मग गेरूच कालवून झिलईखाली लावला तर? पुष्कळ जणांनी करून पाहिलंय आणि पुष्कळांची निराशा झालीय. काच ते कण खाते, लोखंड काचेत विरघळतं आणि विरघळलेल्या लोखंडाचा रंग मधासारखा पिवळट तपकिरी असतो. लोणच्याच्या बरणीची वरची तपकिरी झिलई आठवा; तो काचेत मुरलेल्या लोखंडाचाच रंग. म्हणजे ज्या लालाला उघड्या मडक्यावर कुणी विचारत नाही, तोच काचेखाली न्यायचा म्हटलं की हातचा निसटतो.

तो निसटू न देणारे पहिले मोठे कारागीर तुर्कस्तानातल्या इझनिकचे. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद १५५७ मध्ये पूर्ण झाली, तिच्या फरश्यांवर पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल दिसतो आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत उभ्या राहिलेल्या रुस्तम पाशाच्या मशिदीत तो पूर्ण भरात आलेला आहे. हा लाल लोखंडाचाच होता, लोहयुक्त मातीचा. त्यांची युक्ती जाडीची. निळा आणि हिरवा त्यांनी पातळ लावला, लाल मात्र मातीच्या राड्यासारखा दाट. वितळलेली झिलई वरचा पापुद्रा खायची, तोवर भाजणी संपायची आणि खालचा थर शाबूत राहायचा. त्या फरशीवरून बोट फिरवलं तर निळं पान सपाट लागतं आणि लाल पाकळी फुगीर, जणू काचेखाली मसुराची डाळ अडकली आहे. भाजणीही बेताची, ९०० अंशांच्या आसपास, त्यामुळे काचेची भूकही आवरती. एवढं करूनही हा लाल जेमतेम अर्धं शतक तेजात राहिला. सतराव्या शतकात इझनिकची घडी विस्कटली तशी तो तपकिरी होत गेला. रंगाची चाल विसरली गेली नसेलही, पण ती पाळायला लागणारी काळजी राहिली नाही. काळजी सुटली की पहिला लाल जातो, हे त्या फरश्यांच्या क्रमात डोळ्यांनी दिसतं.

चिनी कुंभारांचा रस्ता निराळा आणि जास्त अवघड होता. त्यांनी तांबं घेतलं. तांब्याला भट्टीत भरपूर हवा मिळाली तर ते हिरवं किंवा आकाशी होतं. जयपूरच्या ब्लू पॉटरीतला तो फिरोजी रंग तांब्याचाच. तीच भट्टी धुराने कोंडली, आतला प्राणवायू तोडला, तर तांब्यावरचा ऑक्सिजन हिरावला जातो आणि काचेत त्याचे अतिसूक्ष्म कण उरतात, तेव्हा लाल दिसतो. कोरियात बाराव्या शतकात हिरवट सेलाडॉन भांड्यांवर असे लाल ठिपके आले. चौदाव्या शतकात चीनच्या जिंगदेझेनमध्ये त्याने पूर्ण नक्षी होऊ लागली. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याच्या कारकिर्दीत, १३६८ ते १३९८ या काळात, थोरले कुंभ आणि थाळे झिलईखालच्या लालाने रंगवले गेले. त्यांतले कितीतरी आज बघताना लाल म्हणवत नाहीत. करडे, काळपट, काळजाच्या रंगाचे आहेत. कारण सांभाळायच्या गोष्टी चार आणि चारही एकमेकींशी बांधलेल्या: धूर कमी पडला तर रंग हिरवा, जास्त झाला तर काळा, उष्णता वाढली तर तांबं वाफ होऊन उडतं आणि शेजारच्या भांड्यावर गुलाबी डाग पाडतं, आणि थंड होताना हवा शिरली तर हाती आलेला लाल परत जातो. शुआनद सम्राटाच्या काळात (१४२६ ते १४३५) हे साधलं आणि त्यानंतर तांब्याचा लाल जवळजवळ बंदच पडला. सोळाव्या शतकात दरबारासाठीही त्याच्या जागी झिलईवर लावायचा लोखंडाचा लाल चालवून घेतला गेला. तांब्याचा लाल पुन्हा उभा राहिला थेट खांगशी सम्राटाच्या राज्यात, सतराव्या शतकाच्या शेवटाकडे. ज्या देशात सम्राटाची मागणी हा शेवटचा शब्द होता, तिथे हा रंग दोनशे वर्षं मागे पडला. २००६ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात होंगवूच्या काळातली एक लाल सुरई एक कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेली. ती किंमत जुनेपणाची आहे, तशीच वाचलेल्या लालाचीही आहे.

पाश्चात्त्यांचे दोन प्रयत्न थोडक्यात उरकता येतात. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये क्रोमियम आणि कथलाच्या मेळातून गुलाबी ते डाळिंबी छटा निघाल्या. आजही बाटलीवर मरून, बरगंडी असं लिहिलेलं असतं तिथे बहुधा हीच जोडी असते. वरच्या ग्लेझमध्ये चुना असला आणि जस्त नसलं तर ती टिकते, पण कुंकवाचा लाल तिच्यातून निघत नाही. दुसरा प्रयत्न अमेरिकेतला. १९३६ साली बाजारात आलेल्या फिएस्टा भांड्यांचा नारिंगी लाल युरेनियमचा होता. महायुद्धात सरकारने युरेनियम ताब्यात घेतल्यावर तो रंग बंद झाला, १९५९ मध्ये परतला आणि १९७२ पर्यंत चालला. जेवणाच्या ताटाला युरेनियम लावण्यापर्यंत मजल गेली, यावरून लालाची टंचाई किती होती ते समजावं.

भडक लाल खऱ्या अर्थाने मिळाला तो कॅडमियम आणि सेलेनियममधून. ही दोन्ही मूलद्रव्यं योगायोगाने एकाच वर्षी, १८१७ मध्ये सापडली. पहिलं जर्मनीत स्ट्रोमायरला, दुसरं स्वीडनमध्ये बर्झेलियसला. कॅडमियम आणि गंधकाचं संयुग पिवळंधमक असतं. त्यातल्या गंधकाच्या जागी थोडं थोडं सेलेनियम घालत गेलं की पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा शेंदरी, शेंदरीचा लाल आणि शेवटी काळपट लाल होतो. या रंगाचा भडकपणा त्याच्या काटेकोरपणात आहे. लोखंडाचा लाल प्रकाश गिळतो तो उतरणीसारखा: निळा पुष्कळ, हिरवा बराच, पिवळा थोडा, आणि लालातलाही काही. म्हणून तो विटकरी. कॅडमियमचा लाल कात्रीने कापल्यासारखा वागतो. एका सीमेच्या अलीकडचा सगळा प्रकाश गिळतो, पलीकडचा जवळजवळ सगळा परत पाठवतो आणि मधे रेंगाळत नाही. रेल्वेच्या जुन्या सिग्नलच्या लाल काचेत हीच जोडी असायची, कारण तिथे लाल नारिंगीसारखा दिसून भागत नव्हतं. चित्रकारांनाही हा रंग विसाव्या शतकाच्या आरंभी नळीत मिळाला. पण भट्टीत तो सगळ्यांत नाजूक निघाला. हवेत तापला की गंधक आणि सेलेनियम जळून जातात, वितळलेली काच उरलेलं खाते, आणि १००० अंशांच्या पुढे लालाचं नावही राहत नाही. कमी आचेच्या खास काचांवर तो जमायचा. साध्या झिलईखाली नाही.

आणि इथे ती हुशार युक्ती आली. १९७० नंतरच्या काळात रंगरसायनांच्या कारखान्यांनी कॅडमियमच्या लालाचे कण झिरकॉनच्या स्फटिकात कोंडायला सुरुवात केली. झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं खनिज. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते मिळतं आणि सराफाकडचा ‘अमेरिकन डायमंड’ त्याच झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा असतो. त्याचा चिवटपणा किती? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथे सापडलेले झिरकॉनचे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. ज्या खडकांत ते जन्मले ते केव्हाच झिजून गेले, कण मात्र तसेच. कारखान्यात लालाचे कण तयार होत असतानाच त्यांच्याभोवती हा स्फटिक वाढवला जातो, आणि ज्या कणांना कवच मिळालं नाही ते आम्लाने धुऊन काढतात. उरते ती गुलाबीसर लाल पूड: आत लाल, बाहेर रंगहीन, पारदर्शक कवच. झिलईची काच कवचापाशी येऊन थबकते, हवा आत जाऊ शकत नाही, आणि पूर्वी १००० अंशांना मरणारा रंग आता स्टोनवेअरच्या आचेतूनही लाल बाहेर येतो. इझनिकच्या कारागिराने जाड थर देऊन जे केलं, चिनी कुंभाराने भट्टीचं तोंड लिंपून जे केलं, ते इथे प्रत्येक कणापुरतं करून ठेवलेलं आहे.

कवचाची किंमत मात्र रंगवणाऱ्याला मोजावी लागते. झिरकॉनच्या दाण्यात प्रत्यक्ष रंगाचा वाटा अगदी थोडा असतो, बाकी सगळं कवच. त्यामुळे या लालाचा जोर मुळातच कमी. कोबाल्टच्या निळ्याचा एक पुसट हात दिला तरी तो दिसतो. लालाचा एक हात दिला तर खालची पांढरी माती डोकावते आणि तो सामन माशाच्या तुकड्यासारखा फिका दिसतो. म्हणून कार्यशाळेत ‘लालाचे तीन हात’ असा दंडक असतो. पहिला हात आडवा, तो चांगला सुकला की दुसरा उभा, मग तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक वेळी कुंचला भरून, रंग ओढत न नेता पसरवत. सुकण्याआधी दुसरा हात फिरवला तर पहिला निघून येतो आणि जागा उघडी पडते. काठावर आणि उंचवट्यांवर लाल उडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने की तिथे वितळलेली झिलई ओघळून पातळ होते, रंगही पातळ बसलेला असतो. काठाला चौथा हात द्यायला हरकत नाही. उलट चूकही होते: थरावर थर चढवून रंग खपलीसारखा जाड केला तर झिलई त्यावर नीट पसरत नाही, गोळा होऊन मागे सरते आणि मधे कोरडे चट्टे राहतात. पांढऱ्या मातीवर लाल खुलतो, तांबड्या मातीवर मळतो. टेराकोटावर काढायचा असेल तर आधी पांढऱ्या अंडरग्लेझचा अस्तरासारखा हात द्यावा. वरची झिलई स्वच्छ आणि बेताची हवी, कारण जाड झिलई गडद रंगावर दुधाळ पडते आणि दोष लालाच्या माथी येतो.

भट्टीचंही तसंच. कवच आहे म्हणून लाल अमर नाही. बाटलीवर जी आचेची मर्यादा लिहिलेली असते ती याच कवचाची. ती ओलांडली, किंवा कमाल आचेवर भांडं उगाच तासभर जास्त ठेवलं, तर काच कवचही झिजवू लागते. भट्टीच्या मीटरवर विसंबण्यापेक्षा आत छोटा मातीचा कोन ठेवून तो किती वाकला हे पाहणं खात्रीचं, कारण कोन केवळ तापमान मोजत नाही, उष्णतेने एकूण किती काम केलं ते मोजतो. भट्टी गच्च भरू नये आणि पहिल्या टप्प्यात हवेची वाट उघडी ठेवावी; कच्च्या भाजणीत नीट न जळलेला कोळसा दुसऱ्या भाजणीत धूर करतो, आणि धुराने हा लाल काळवंडतो. जो धूर चिनी कुंभाराला प्राणापलीकडे प्रिय होता तोच इथे शत्रू, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ‘लालाला धूर लागतो’ असं अर्धवट ज्ञान कधी कधी हौशी मंडळींत फिरताना दिसतं. दोन्ही लाल दिसतात सारखे, पण त्यांचं कुळ वेगळं. रंग मिसळण्याबद्दलही हेच. लाल आणि निळा मिसळला की जांभळा, हा शाळेतल्या रंगपेटीचा हिशेब इथे लागू पडत नाही. काचेत विरघळणारा निळा आणि कवचात बसलेला लाल एकत्र आले की निळा सगळीकडे पसरतो आणि लाल बिचारा मळकट दिसतो. जांभळा हवा तर जांभळ्याची बाटली घ्यावी.

एवढा खटाटोप कशाला, अ‍ॅक्रिलिकचा लाल लावला की काम झालं, असं म्हणणारे असतात. भिंतीवर टांगायच्या थाळीला किंवा कुंडीला ते अगदी खरं आहे, आणि तिथे भट्टी पेटवणं हा उधळेपणाच. पण अ‍ॅक्रिलिक म्हणजे पृष्ठभागावर बसलेली प्लास्टिकची साय. घासणीने निघते, उन्हाने विटते आणि अन्नाला लागू नये अशीच. काचेखालचा रंग पिढ्यान्‌पिढ्या घासला तरी हलत नाही. ज्याला हा टिकाऊपणा नको त्याला भट्टीचीही गरज नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप जुन्या कुंभारकामाचे चाहते घेतात. त्यांच्या मते तांब्याच्या लालात जीव असतो: कुठे तो मोसंबीच्या सालीसारखा रंध्रांतून फुटतो, कुठे कडेला हिरवट होतो, दोन भांडी सारखी निघत नाहीत. बाटलीतला लाल सगळीकडे एकसारखा, सपाट, प्लास्टिकच्या बादलीसारखा. यातलं अर्धं मला मान्य आहे. कवचातला लाल खरोखरच एकसुरी असतो आणि संपूर्ण वाडगा त्याने माखला तर तो वाडगा डोळ्यांत खुपतो. पण धुरकोंडी हा विजेच्या भट्टीवर चालणाऱ्या हौशी स्टुडिओचा खेळ नव्हे. त्यासाठी ज्वाळेची भट्टी, १२५० अंशांच्या पुढची आच आणि वर्षांचा अनुभव लागतो. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीने १९७१ पासून आपल्याकडे स्टोनवेअरची जी परंपरा रुजवली, तिच्यात शिकलेल्यांना विचारलं तरी कळेल की भट्टी समजायलाच काही हंगाम जातात. शिवाय ज्या ‘जिवंत’ लालाचं कौतुक करतो तो वाचलेला लाल आहे. करडे निघालेले थाळे संग्रहालयाच्या दर्शनी कपाटात कमी असतात. एकसुरीपणाला उत्तर आहे, आणि ते इझनिकवाल्यांनीच दिलेलं आहे. त्यांनी लालाने सहसा जमीन भरली नाही. पांढरी जमीन, निळी-हिरवी वेल, काळी बारीक रेघ, आणि लाल फक्त ट्युलिपच्या पाकळीत किंवा कार्नेशनच्या तोंडावर. कपाळावरचं कुंकू मोठं दिसतं ते कपाळ मोकळं असतं म्हणून.

शेवटी राहतो तो आक्षेप उलट्या दिशेचा आणि सर्वांत महत्त्वाचा: कॅडमियम विषारी आहे, मग घरात आणायचाच कशाला? कॅडमियमबद्दलची धास्ती अनाठायी नाही. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यात खाणीतून कॅडमियम उतरलं, भातातून माणसांत गेलं आणि हाडं ठिसूळ करणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाला तिथल्या सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणजन्य म्हणून मान्यता दिली. कॅडमियमची संयुगं माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहेत. पण धोका ठरतो तो शरीरात किती जातं यावर, आणि झिरकॉनचं कवच नेमकं तेच अडवतं. जे कवच लालाला काचेपासून वाचवतं तेच आपल्याला लालापासून वाचवतं. त्यामुळे शहाणपणाचा सगळा भर कवच न फोडण्यावर हवा. बाटलीत सुकून खडा झालेला रंग खलबत्त्यात कुटू नये, मिक्सरमध्ये तर नाहीच; पाण्यात भिजवून कालवावा आणि चाळणीतून गाळावा. वाळलेला रंग पॉलिश पेपरने घासू नये. सांडलेली भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी, हे तर मातीच्या धुळीसाठीही तितकंच खरं. फवाऱ्याने रंग देण्याचा मोह घरी टाळावा.

‘पण बाटलीवर फूड-सेफ लिहिलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. त्या शब्दांचा अर्थ इतकाच की कंपनीने आपल्या नमुन्यावर, आपल्या झिलईखाली, ठरलेल्या आचेवर भाजून चाचणी केली. तुमच्या मगावर झिलई पातळ बसली असेल, आच कमी पडली असेल, बारीक तडे गेले असतील, तर ती चाचणी तुमच्या मगाची नाही. युरोपात १९८४ पासून जो नियम आहे त्यात भांड्यात ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, २२ अंशांवर २४ तास ठेवतात आणि खोल भांड्यातून एका लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम उतरलं तर ते भांडं बाद. घरी लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग बदलतो का पाहण्याची पद्धत आहे. रंग बदलला तर भांडं वाईट हे नक्की; न बदलल्याने ते चांगलं ठरत नाही, कारण मिलिग्रॅमचा हिशेब डोळ्यांना दिसत नाही. विक्रीसाठी भांडी करणाऱ्याने नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. आणि आपल्या स्वयंपाकघराचा विचार त्या चाचणीपेक्षा कडक करावा लागतो. चिंचेचं सार, सोलकढी, ताक हे सगळं आंबट. लोणचं तर २४ तास नव्हे, वर्षभर मुरतं. तेव्हा बरणी रंगवायचीच तर तिच्या पोटावर, बाहेरून, काठाखाली दोन बोटं जागा सोडून लाल जास्वंद काढावं, ओठ आणि डाव जिथे लागतात ती कड मोकळी ठेवावी, आणि आतून साधी पारदर्शक झिलई द्यावी, रंगाचा एक ठिपकाही न लावता.